प्रॉडक्ट हेडसाठीची मार्गदर्शन सेवा : छत्रपती संभाजीनगरातील एका सेवेचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड या शहरांत स्वतःचे सॉफ्टवेअर तयार करून ते आसपासच्या तालुक्यांत विकणाऱ्या लहान कंपन्यांमध्ये प्रॉडक्टची जबाबदारी, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय बनवायचे आणि काय आधी बनवायचे हे ठरवण्याचे काम, ज्या व्यक्तीकडे येते, ती बहुधा त्या कामाचे शिक्षण घेऊन आलेली नसते. कोणी चांगला प्रोग्रॅमर असतो, कोणी सपोर्ट विभागात दुकानदारांचे फोन घेता घेता सगळे बारकावे शिकलेला असतो, कोणी मालकाच्या विश्वासातील सेल्समन असतो. एके दिवशी त्याच्या कार्डावर 'प्रॉडक्ट हेड' असे छापले जाते आणि पुढचा रस्ता त्याने स्वतः शोधायचा असतो. पुण्यात किंवा बेंगळुरूमध्ये अशा माणसाला शंका विचारायला त्याच पदावरची माणसे सहज भेटतात. आपल्याकडे ती भेटत नाहीत. म्हणूनच या पदावरील लोकांना प्रत्यक्ष कामाबद्दल सल्ला देणारी एक सेवा सिडको भागात चालते असे कळल्यावर मी तिथे नाव नोंदवले आणि ती शेवटपर्यंत पूर्ण केली. निर्णय घेण्याची आणि तो कारणांसह लिहून ठेवण्याची शिस्त ही सेवा फार चांगली लावते, हे माझे मत आधीच नोंदवते. मात्र हंगाम, पैशाचा ओघ आणि कंपनीचा मालक या आपल्याकडच्या तीन वास्तवांना ती पुरेशी भिडत नाही.

सेवा दोन मार्गदर्शक चालवतात. दोघेही मूळचे मराठवाड्यातील असून मोठ्या कंपन्यांत प्रॉडक्ट विभाग सांभाळून परत आलेले आहेत. ते जाहिरात करत नाहीत, ओळखीतूनच लोक घेतात आणि नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मी ते येथे देत नाही. दर आठवड्याला एक वैयक्तिक बैठक, ग्राहकांच्या जागी जाऊन करायच्या भेटी आणि महिन्यातून एकदा वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रॉडक्ट हेडची एकत्र चर्चा, असे तिचे स्वरूप आहे. मी ज्या कंपनीत काम करते ती कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंग आणि साठ्याचे सॉफ्टवेअर बनवते. पुढील उदाहरणे बहुतेक त्याच क्षेत्रातील आहेत, पण ज्यांचे ग्राहक दवाखाने, पतसंस्था किंवा खासगी शिकवण्या आहेत त्यांनाही ती लागू पडतील असे मला वाटते.

पहिल्या बैठकीत मार्गदर्शकांनी १९३१ सालच्या एका टिपणाबद्दल सांगितले. प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीत नील मॅकएलरॉय कॅमे साबणाची जाहिरात पाहत होते. प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसे असावीत, असे त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवले, आणि प्रॉडक्ट मॅनेजरच्या पदाचे मूळ आज तेथे सांगितले जाते. मॅकएलरॉय पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले, ही झाली जाता जाता सांगायची माहिती. महत्त्वाचे हे की त्या टिपणात या माणसाचे पहिले काम म्हणून खपाचे आकडे भागवार पाहणे, जेथे माल चांगला खपतो तेथे काय जमले आणि जेथे खपत नाही तेथे काय अडले याचा अभ्यास करणे, आणि त्यासाठी त्या भागात स्वतः जाऊन विक्रेते व ग्राहक यांचा अभ्यास करणे सांगितले आहे. म्हणजे मुळात हे पद बाजारात फिरणाऱ्या माणसाचे आहे. कार्यालयात बसून कामांची यादी सांभाळणे आणि डेव्हलपरांना तारखा विचारणे एवढेच आपल्याकडे या पदाचे काम समजले जाते, आणि त्या समजुतीला या सेवेने सुरुवातीलाच धक्का दिला, हे मला फार मोलाचे वाटले.

या सेवेचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे काउंटरवरच्या भेटी. मार्गदर्शक स्वतः बरोबर येतात. भेटीचा नियम असा की आपण सॉफ्टवेअर दाखवायचे नाही, त्याची बाजू घ्यायची नाही आणि भविष्याबद्दल प्रश्न विचारायचा नाही. 'असे फीचर दिले तर वापराल का' या प्रश्नाला आपल्याकडचा दुकानदार 'हो साहेब, द्या की' असेच म्हणणार, कारण समोर आलेल्या माणसाला नाही म्हणणे त्याला प्रशस्त वाटत नाही आणि होकार द्यायला त्याला काही खर्चही येत नाही. त्याऐवजी मागच्या वेळी काय घडले ते विचारायचे: मागच्या वेळी कंपनीच्या माणसाने साठा तपासला तेव्हा तुम्ही काय केले, ती वही दाखवता का, त्या दिवशी बिले कोणी केली, लाइट गेली तेव्हा काय केले. घडलेल्या गोष्टीबद्दल माणूस खरे सांगतो, आणि सांगता सांगता ड्रॉवरमधून अशी एखादी चोपडी काढतो जी आपल्या कोणत्याही डेमोत कधी आलेली नसते.

जालन्याच्या आणि परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेत, अशा पद्धतीने बसल्यावर जे दिसते ते कोणत्याही अहवालात सापडत नाही. सॉफ्टवेअर विकत घेतो दुकानाचा मालक, पण वापरतो त्याचा मुनीम किंवा बारावी झालेला पुतण्या. मालकाला महिन्याचा ताळेबंद हवा असतो आणि मुनिमाला समोर उभे असलेले गिऱ्हाईक लवकर मोकळे करायचे असते. अनुदानित खताची विक्री ई-पॉस मशीनवर आधार पडताळणीने करावी लागते, कारण कंपनीला मिळणारे अनुदान त्या विक्रीवर अवलंबून असते. मग तीच विक्री पुन्हा संगणकावर चढवावी लागते, आणि गर्दीच्या दिवशी हे दुसरे काम संध्याकाळवर ढकलले जाते. बियाण्यांवर जीएसटी नाही, रासायनिक खतांवर तो ५ टक्के आहे, रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के. तिन्हींचे परवाने वेगळे, साठ्याची नोंद वेगळी, आणि शेतकरी मात्र तिन्ही वस्तू एकाच वेळी, एकाच तोंडी हिशेबात, बहुतेकदा उधारीवर नेतो. हे सगळे मला आधीही ठाऊक होते. पण वेगवेगळ्या तुकड्यांत ठाऊक असणे आणि एका मुनिमाच्या दोन हातांवर ते सगळे एकाच वेळी आलेले पाहणे यांत फार अंतर आहे, आणि प्रॉडक्टचा निर्णय घेणाऱ्याने ते अंतर स्वतः ओलांडलेले असावे असे माझे ठाम मत आहे.

भेटीतून निर्णयापर्यंत कसे जायचे, हे त्यांनी बियाण्याच्या लॉट नंबरच्या, म्हणजे पिशवी कोणत्या खेपेतली हे सांगणाऱ्या क्रमांकाच्या, उदाहरणावर शिकवले. बिलावर लॉट नंबर छापण्याची सोय जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि गर्दीत तो भरला जात नाही, ही प्रत्येकाची तक्रार असते. २०२०च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली होती. अशा वेळी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात बिल, पिशवीचे लेबल आणि लॉट नंबर असणे किती गरजेचे असते, हे ज्याची दुबार पेरणी झाली आहे तोच सांगू शकेल. म्हणजे तो रकाना भरला जाण्यात खरे हित शेतकऱ्याचे आहे, ओझे मुनिमावर आहे आणि पैसे मालक देतो. मार्गदर्शकांनी आम्हाला या तिघांची बाजू स्वतंत्रपणे लिहायला लावली, आणि मग विचारले की मुनिमाचे एकही बटण न वाढवता हा रकाना भरता येईल का. उत्तर साध्या जागी होते: माल दुकानात उतरतो तेव्हा, म्हणजे दुपारच्या निवांत वेळी, लॉटची नोंद एकदाच करायची आणि बिल करताना सर्वांत जुना लॉट आपोआप पुढे यावा अशी व्यवस्था करायची. लॉट बदलला असेल तर तेवढाच हाताने बदलावा. रकाना सक्तीचा करा, असा सल्ला कोणीही दिला असता. सक्ती केली की मुनीम त्या रकान्यात काहीतरी आकडे टाकून पुढे जातो आणि नोंद रिकामी असण्यापेक्षा खोटी असणे अधिक वाईट.

लेखनावर या सेवेचा मोठा भर आहे. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड्स बंद करून सलग लिहिलेले टिपण वाचण्याची पद्धत आणली, आणि नवे काही बनवण्याआधी त्याचे प्रसिद्धिपत्रक लिहून पाहण्याची रीतही तेथे रुजली. येथे त्या पद्धतीचा स्थानिक अवतार केला आहे: नव्या फीचरचे काम हाती घेण्यापूर्वी आपला सेल्समन दुकानदाराला व्हॉट्सॲपवर जो संदेश पाठवेल तो आधी लिहायचा, मराठीत, मोबाइलच्या एका पडद्यात मावेल इतका. त्यात फीचरचे नाव नको, दुकानदाराच्या दिवसात काय बदलेल ते हवे. हा संदेश लिहिताना जे फीचर डगमगते ते बहुतेक वेळा बनवण्याजोगे नसतेच, असा अनुभव मासिक चर्चेत अनेकांनी सांगितला. त्याच्या जोडीला निर्णयांची वही ठेवायला सांगतात. काय ठरले, कोणते पर्याय सोडले, का सोडले, कोणती गोष्ट खरी ठरली तर हा निर्णय चुकीचा समजायचा आणि पुन्हा कधी तपासायचा, एवढे पाच मुद्दे. टीममधील नवा माणूस ही वही वाचून दोन दिवसांत जे शिकतो ते एरवी त्याला वर्षभर कानावर पडावे लागते.

कोणते काम आधी घ्यायचे या प्रश्नावर सेवेने इंटरकॉम कंपनीने प्रसिद्ध केलेली गुणांकनाची पद्धत शिकवली. किती लोकांना उपयोग, किती उपयोग आणि आपली खात्री किती यांचा गुणाकार करायचा आणि त्याला लागणाऱ्या श्रमाने भागायचे. पद्धत म्हणून ती उपयोगी आहे, कारण वाद घालणाऱ्या दोघांना आपापले अंदाज उघडे करावे लागतात आणि वाद नेमका कोणत्या अंदाजावर आहे ते कळते. पण त्या सूत्रात काळ नाही. बियाण्याच्या लॉटचे काम मे महिन्याच्या आरंभी दुकानात पोचले तर त्याची जी किंमत आहे, ती ऑगस्टमध्ये पोचल्यास जवळजवळ उरत नाही. उधारीच्या वसुलीच्या पत्रांचे काम जूनमध्ये कोणी पाहणारही नाही आणि दिवाळीच्या सुमारास त्यासाठी फोन येऊ लागतील. उशिराची किंमत पैशात मोजावी, असे डोनाल्ड राइनर्टसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी फार पूर्वीपासून आग्रहाने मांडले आहे, आणि शेतीशी जोडलेल्या प्रॉडक्टला तर तो विचार सर्वांत आधी शिकवायला हवा. येथे तो मी विचारल्यावर आला, अभ्यासक्रमात नव्हता.

याच ठिकाणी सेवेची पहिली मोठी उणीव दिसते. तिचा सारा नियोजनाचा साचा तिमाहीचा आहे: एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर, या क्रमाने उद्दिष्टे ठरवायची आणि तिमाहीअखेर तपासायची. इंटेलमध्ये घडलेली आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ साली गूगलमध्ये नेलेली ही पद्धत ज्या कंपन्यांचा ग्राहक बारा महिने सारखाच वागतो त्यांना शोभते. मराठवाड्यात मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते, पाऊस पडला की पेरणीची घाई सुटते आणि कृषी सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणजे एप्रिल ते जून ही तिमाही दोन परस्परविरोधी काळांची बनलेली आहे. तिचा पहिला अर्धा भाग वर्षातील सर्वांत महत्त्वाच्या तयारीचा आणि दुसऱ्या अर्ध्या भागात बिलाच्या पडद्यावरचे एक बटणही हलवू नये असा. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालू सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीशिवाय काहीही बदलायचे नाही, हा नियम आमच्या क्षेत्रातील प्रत्येक कंपनीने लिहून भिंतीवर लावावा. माझ्या मते अशा कंपन्यांनी वर्षाचे नियोजन खरीप आणि रब्बी या दोन हंगामांवर बेतावे, प्रत्येक हंगामाआधी तयारीचा काळ, हंगामात निरीक्षणाचा काळ आणि हंगामानंतर नव्या विचारांचा काळ ठेवावा. शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हेच प्रवेश आणि परीक्षा यांच्या वेळापत्रकावर करता येईल. मार्गदर्शकांनी हा मुद्दा मान्य केला, पण त्यांच्या छापील तक्त्यांत अजून तिमाहीच आहे आणि ते बदलेपर्यंत घेणाऱ्याने तक्ता स्वतः नव्याने आखून घ्यावा.

मोजमापाबद्दलचे मार्गदर्शन त्या मानाने नेमके होते. एखादे मोजमाप उद्दिष्ट बनवले की ते मोजमाप म्हणून बिघडते, या अर्थाचा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडला होता, आणि सपोर्ट विभागाइतका त्याचा रोकडा पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. दिवसाला किती तक्रारी बंद केल्या यावर माणसाचे मोल ठरवले, की तक्रार सुटण्याआधीच बंद होऊ लागते आणि तोच दुकानदार दुसऱ्या दिवशी नव्या तक्रारीसह पुन्हा फोन करतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक मोजमापाला त्याच्या विरुद्ध दिशेचे एक मोजमाप जोडायला शिकवतात: बंद केलेल्या तक्रारींबरोबर त्याच दुकानाचा त्याच कारणासाठी आठवडाभरात आलेला दुसरा फोन मोजायचा. रोज किती जणांनी सॉफ्टवेअर उघडले, हा आकडा आमच्यासारख्यांना निरुपयोगी आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. दिवसाच्या एकूण विक्रीपैकी किती बिले त्याच वेळी संगणकावर झाली आणि किती कच्च्या चिठ्ठीवरून रात्री चढवली, हे प्रमाण आमच्या प्रॉडक्टची खरी प्रकृती सांगते. हा आकडा मिळवायला बिलाची वेळ आणि माल दिल्याची वेळ यांतील अंतर पाहावे लागते, थोडे तांत्रिक काम आहे, पण ते करण्यासारखे आहे.

नेतृत्वाचा भाग माणसांपासून सुरू होतो, आणि तो मला मनापासून आवडला. प्रत्येक सहकाऱ्याबरोबर आठवड्याला अर्धा तास एकट्याने बोलायचे, त्या वेळेवर हक्क त्या सहकाऱ्याचा, आणि त्यात चालू कामाची प्रगती विचारायची नाही, कारण ती सकाळच्या बैठकीत कळलेली असते. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावातून आलेला, पहिलीच नोकरी करणारा मुलगा समोर बसतो आणि प्रत्येक प्रश्नाला 'काही नाही मॅडम, सगळं व्यवस्थित आहे' एवढेच म्हणतो. त्याला मोठ्या माणसासमोर तक्रार न करण्याचे वळण घरातून लागलेले असते आणि ते वळण वाईट आहे असे मी म्हणणार नाही, पण टीम चालवताना ते महागात पडते. त्यावर मार्गदर्शकांनी प्रश्न बदलायला सांगितले. काही अडचण आहे का, असे न विचारता 'या आठवड्यात कोणते काम केले नसते तरी चालले असते' असे विचारावे. त्यात तक्रार करावी लागत नाही, फक्त निवड करावी लागते. आणि त्याने एखादे काम सांगितले तर पुढच्या आठवड्यापर्यंत त्यावर काहीतरी करून दाखवावे, अगदी लहानसे का होईना; बोलल्याने काही घडते असे एकदा दिसले की माणूस बोलू लागतो.

त्याच अडचणीवर त्यांनी दिलेला दुसरा उपाय मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्या पद्धतीचा आहे, ज्याबद्दल त्यांनी २००७ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिले होते. मोठे काम सुरू करण्यापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसायचे, सहा महिन्यांनी हे काम पूर्ण फसले आहे असे धरून चालायचे आणि ते का फसले याची कारणे प्रत्येकाने कागदावर लिहायची. या योजनेत खोट आहे असे वरिष्ठांना तोंडावर सांगणे आपल्या मुलांना जड जाते. पण फसले आहे हे वरिष्ठांनीच आधी मान्य केले असेल तर कारण सांगणे ही हुशारीची गोष्ट होते. लातूरच्या एका कंपनीच्या प्रॉडक्ट हेडने मासिक चर्चेत सांगितले की त्यांच्या अशा बैठकीत सपोर्टमधील सर्वांत कनिष्ठ मुलीने लिहिलेले कारण, दुकानातील प्रिंटर जुने असल्यामुळे नवे बिल अर्धेच छापले जाईल हे, बाकी कोणाच्याही मनात आले नव्हते. बैठकीला सपोर्टची माणसे असलीच पाहिजेत, हा मार्गदर्शकांचा आग्रह म्हणूनच योग्य आहे.

तयार झालेली मुले पुण्याला जातात, या जुन्या दुखण्यावर मात्र सेवेकडे फारसे काही नाही. जबाबदारी लवकर द्या, ग्राहकाकडे घेऊन जा, हे ठीक. पगारातील तफावतीबद्दल ते बोलत नाहीत.

आता मालकाविषयी. आपल्याकडच्या लहान कंपनीत रोडमॅप, म्हणजे कोणते काम केव्हा करायचे याचा आराखडा, खरोखर कोण ठरवतो हे सगळ्यांना माहीत असते. मालक एखाद्या मोठ्या डीलरच्या घरच्या लग्नाला जातात, जेवताना तो म्हणतो की आमच्यासाठी एवढे करून द्या, मालक शब्द देतात, आणि सोमवारी सकाळी तो शब्द टीमच्या टेबलावर येतो. मालकाने शब्द देणे ही त्यांच्या व्यवसायाची ताकद आहे, त्या शब्दावरच कंपनी उभी राहिली आहे, हे प्रॉडक्ट हेडने आधी मनापासून समजून घ्यावे असे मला वाटते. सेवेने यावर शिकवलेले तंत्र चांगले आहे: दिलेल्या शब्दांची नोंद ठेवायची, कोणाला दिला, कधी दिला, त्यासाठी किती आठवडे लागतील आणि त्यामुळे कोणते काम मागे पडेल. मालकाकडे नकार घेऊन जायचे नाही. दोन पर्याय घेऊन जायचे आणि प्रत्येकाची किंमत शेजारी लिहायची. 'साहेब, पवार ट्रेडर्सचे काम आधी केले तर लॉटचे काम पेरणीनंतर जाईल. लॉटचे आधी केले तर त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगावे लागेल, तो फोन मी करते' अशा स्वरूपाचे बोलणे त्यांनी आमच्याकडून घोकून घेतले. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण मालकाला अडचण निर्णयाची नसते, दिलेला शब्द मागे घेण्याच्या संकोचाची असते, आणि तो संकोच कोणीतरी अंगावर घ्यायला तयार असेल तर ते मोकळेपणाने विचार करतात.

इतके चांगले शिकवूनही एक गोष्ट राहते. संपूर्ण सेवेत मालकाला एकदाही खोलीत बोलावले जात नाही. निर्णयाचा अधिकार प्रॉडक्ट हेडकडे आहे असे गृहीत धरून सारे शिकवले जाते; मोठ्या कंपनीत तो अधिकार पदाबरोबर कागदावर मिळतो, येथे तो मालकाच्या विश्वासातून हळूहळू मिळवावा लागतो आणि कधी कधी एका फोनवर परतही जातो. सुरुवातीची एक आणि मधली एक बैठक मालकासह घेतली, कोणत्या आकाराचा निर्णय कोण घेणार हे मालक, प्रॉडक्ट हेड आणि मार्गदर्शक यांनी मिळून लिहिले, तर पुढच्या सगळ्या शिकवण्याला जमीन मिळेल. मी हे त्यांना लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर असे होते की मालकांना वेळ नसतो. पण जो मालक या सेवेची फी देतो त्याच्याकडे दोन तास मागणे अवघड नसावे.

किमतीचा विषय फारच उरकला आहे. दर महिन्याची वर्गणी हाच एक नमुना त्यांच्या मांडणीत आहे. कृषी सेवा केंद्राचा पैसा शेतकऱ्याच्या पैशामागून चालतो. खरिपात दिलेली उधारी ऑक्टोबरात सोयाबीन निघाल्यावर, पुढे कापूस विकल्यावर आणि शेवटी तूर आल्यावर वसूल होते. जून-जुलैत दुकानदाराची सारी रक्कम मालात अडकलेली असते. त्या महिन्यांत वर्गणी संपल्याचा लाल संदेश पडद्यावर झळकवणे म्हणजे भर गर्दीत त्याचे दुकान अडवणे. वार्षिक नूतनीकरण दिवाळी ते संक्रांत या काळात यावे, मुदत पेरणीत संपत असेल तर ती आपण होऊन पुढे ढकलावी, आणि नूतनीकरणाच्या भेटीलाच सेल्समनने उधारीचा वसुली-अहवाल काढून दाखवावा, अशा गोष्टी प्रॉडक्टच्या माणसाने ठरवायच्या असतात. त्या सेल्स विभागावर सोडल्या जातात, आणि सेल्सचे कमिशन नव्या विक्रीवर असल्यामुळे जुन्या ग्राहकाच्या सोयीचा विचार करायला कोणाला कारण उरत नाही. या विषयाला किमान दोन पूर्ण बैठका द्यायला हव्यात.

बैठका मराठीत होतात, मोकळेपणाने होतात आणि वेळेवर सुरू होतात. दिलेले साहित्य मात्र इंग्रजीत आहे; ते टीममधील सपोर्टच्या मुलांपर्यंत पोचवायचे तर आपणच भाषांतर करावे लागते. उदाहरणे टॅक्सी बोलावण्याच्या आणि घरपोच जेवणाच्या ॲपची असतात, जी परभणीच्या दुकानदाराशी जुळत नाहीत. फी एका अनुभवी प्रोग्रॅमरच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास जाते. लहान कंपनीला ती जाणवते, तरी भेटींसाठी मार्गदर्शक स्वतः बरोबर येतात हे लक्षात घेता मला ती रास्त वाटली. हप्त्यांची सोय आहे. मासिक चर्चेत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्या एकत्र बसवत नाहीत आणि तेथे ऐकलेले बाहेर न नेण्याचे बंधन लेखी घेतात, ही काळजी मला विशेष नोंदवावीशी वाटते.

ज्यांच्याकडे प्रॉडक्टचे काम नुकतेच आले आहे, ज्यांची टीम पाच ते वीस माणसांची आहे आणि ज्यांचा ग्राहक मोटारीने दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे, त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. जे स्वतः कंपनीचे मालक आहेत आणि प्रॉडक्टही पाहतात त्यांना नेतृत्वाचा निम्मा भाग लागू होणार नाही. त्यांनी केवळ भेटी आणि निर्णयांची वही एवढ्यापुरते बोलून घ्यावे, मार्गदर्शक तशी व्यवस्था करतात. नाव नोंदवताना तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात: मालकासह किमान एक बैठक, आपल्या व्यवसायाच्या हंगामाप्रमाणे आखलेला तक्ता आणि किमतीच्या विषयाला स्वतंत्र वेळ. शेतीशी संबंधित प्रॉडक्ट असेल तर सुरुवात जानेवारीत करावी, म्हणजे मोंढ्यातील भेटी दुकानदाराला वेळ असताना होतात, एप्रिलपर्यंत काय बनवायचे ते ठरते आणि मेच्या मध्यापूर्वी ते दुकानात पोचवता येते.